चेहरा किती हातांवरून वाचायचा?

या महिन्यात चारच पत्रं घेतली आहेत. एरवी मी आठ-दहा घेते आणि थोडक्यात उत्तरं देते. पण ही चार पत्रं एका संध्याकाळी सलग वाचली आणि लक्षात आलं, की लिहिणाऱ्यांची ओळखदेख नसली तरी सगळे विचारतायत एकच: समोरच्याचा चेहरा आणि आपण यांच्यात किती अंतर आहे आणि त्या अंतरामुळे काय काय घडतं. सांगलीत तीस वर्षं मानसशास्त्र शिकवताना हा विषय मी दरवर्षी जीव लावून शिकवला. पाठ्यपुस्तकात त्याला जेमतेम दीड पान असायचं. मला ते कधीच पुरलं नाही.

प्रश्न : ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. वर्गात एक मुलगा आहे, हुशार पण चुळबुळ्या. फळ्यापाशी उभं राहून त्याला दटावलं तर हसतो, मान डोलावतो, ऐकतोही. पण त्याच्या बाकाशी जाऊन तेच शब्द, त्याच आवाजात बोलले की एकदम ताठ होतो, दोन्ही हात वहीवर दाबून धरतो आणि वर बघतच नाही. परवा तर त्याला चड्डीत शू झाली. शाळेतल्या बाकीच्या बाई म्हणतात, नाटकं करतो. घरी मारतात की काय अशी शंका आली, पण आईवडील शांत स्वभावाचे वाटतात. माझा चेहरा एवढा भीतिदायक आहे का हो?
— एक शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : बाई, तुमच्या चेहऱ्यात काही वावगं नाही आणि मुलगा नाटकंही करत नाही. नाटक करून कुणाला वर्गात, सगळ्यांसमोर, चड्डीत शू होत नाही. ही गोष्ट त्या बाकीच्या बाईंना माझ्या वतीनं सांगा.

आपल्या भाषेत ‘ओरडणं’ आणि ‘अंगावर ओरडणं’ अशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शब्द तेच, आवाज तोच, तरी दुसरी पहिलीपेक्षा कितीतरी जड. फरक त्या ‘अंगावर’मध्ये आहे. तुम्ही फळ्यापाशी असता तेव्हा मूल साधारण पाच मीटरवर असतं. तिथून त्याला तुमचा चेहरा केवढा दिसतो? त्यानं हात लांब करून अंगठा समोर धरला, तर अंगठ्याच्या वरच्या पेराएवढा. बाकाशी येऊन तुम्ही वाकलात की अंतर उरतं अर्धा मीटर, म्हणजे तोच चेहरा दसपट मोठा होतो आणि वरून येतो. आठ वर्षांच्या मुलाला तेव्हा खिडकी, फळा, शेजारचा मित्र काही दिसत नाही. फक्त तुमच्या कपाळावरच्या आठ्या दिसतात.

हे नुसत्या आकाराचं नाही. आपल्या शरीराभोवती साधारण हात पोचेल एवढी जागा मेंदू वेगळी राखून ठेवतो. माकडांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या आहेत, की वस्तू अंगाजवळ आली तरच त्या जाग्या होतात. तीच वस्तू लांब धरली तर गप्प राहतात. ही जागा धरण्याची आणि स्वतःला वाचवण्याची असते, म्हणून तिथे आलेल्या रागीट चेहऱ्याला शरीर विचार करण्याआधीच उत्तर देतं. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये माणसांच्या हाताच्या कातडीतला सूक्ष्म घाम मोजला. रागीट चेहरा हाताच्या टप्प्यात आला की तो वाढायचा, त्या टप्प्याबाहेर तेवढा वाढत नसे. त्याआधी २०१७ मध्ये इटलीत लोकांना आभासी माणसांसमोर उभं करून विचारलं होतं, ‘किती जवळ आला तर चालेल?’ रागीट चेहऱ्याला लोकांनी सरासरीनं हसऱ्यापेक्षा लांब थांबवलं. आपण म्हणतो ना, त्याच्यापासून चार हात लांबच राहा. चार हात म्हणजे सहा फूट. म्हण करणाऱ्यांनी माप बरोबर धरलं होतं.

हे भय मेंदूत कुठून येतं याचा एक विलक्षण दाखला आहे. अमेरिकेत एक बाई आहेत, शास्त्रीय लेखनात त्यांना फक्त एस. एम. म्हणतात. एका दुर्मिळ आजारात त्यांच्या मेंदूतला अमिग्डाला नावाचा, बदामाएवढा भाग दोन्ही बाजूंनी नष्ट झाला. २००९ मध्ये त्यांना आणि इतरांना सांगितलं, समोरच्या माणसाकडे चालत जा आणि जिथे बरं वाटेल तिथे थांबा. इतर लोक सरासरी ७६ सेंटिमीटरवर थांबले. या बाई ३४ सेंटिमीटरवर. नाकाला नाक लागेपर्यंत उभं केलं तरी त्यांना अवघडल्यासारखं झालं नाही. म्हणजे आपल्याला जवळच्या चेहऱ्यानं जे कसंतरी होतं, ते होण्यासाठी मेंदूत एक राखणदार लागतो. तुमच्या विद्यार्थ्याचा राखणदार जागा आहे, आणि कदाचित गरजेपेक्षा जास्त जागा आहे.

हा ‘कदाचित’ मी मुद्दाम लिहिला. घरच्या मारहाणीची शंका तुम्ही एवढ्यात पुसून टाकू नका. विस्कॉन्सिन विद्यापीठातले सेठ पोलक यांनी मार खाल्लेल्या मुलांवर काम केलंय. धूसर चेहरा हळूहळू स्पष्ट करत नेला, तर ही मुलं त्यातला राग इतर मुलांच्या आधी, कमी खुणांवरून ओळखतात. त्यांना ते शिकावंच लागलेलं असतं. मारणारा माणूस आईवडीलच असतो असं नाही. शिकवणीतला असतो, शेजारचा असतो, मोठा भाऊ असतो. म्हणून मुलावर नजर ठेवा. कुणी हसत जवळ आलं तरी तो असाच आकसतो का? डबा खाताना मित्र खेटून बसला तर? फक्त रागीट चेहरा जवळ आल्यावर आकसत असेल तर हे स्वभावाचंही असू शकेल, तरी लक्ष असू द्या. कोणीही मोठं माणूस जवळ आल्यावर आकसत असेल, तर मुख्याध्यापकांशी बोला, आणि गरज वाटली तर मुलांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक आहेच.

वर्गात उद्यापासून एवढं करा. दटावायचं असेल तेव्हा फळ्यापासूनच दटावा, तिथून तो ऐकतो हे तुम्हीच लिहिलंय. बाकाशी जाल ते शाबासकी द्यायला, किंवा गणित समजवायला. आणि जाल तेव्हा समोर उभं राहून वाकू नका. बाजूला, त्याच्याच बाकावर टेकून बसा, म्हणजे तुमचा चेहरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीला येईल आणि दोघंही वहीकडे बघाल. शू झाल्याचा विषय पुन्हा कुणासमोर निघू देऊ नका. मार्चपर्यंत मला एक पोस्टकार्ड टाका, काय झालं ते कळवा. मी वाट बघेन.

प्रश्न : आमच्या गावच्या हौशी संस्थेतून राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत मी भूमिका केली. एका प्रसंगात वडिलांच्या मृत्यूची बातमी येते. दिग्दर्शक म्हणाले, चेहरा जास्त बोलू दे. मी तसं केलं. पुढच्या रांगेतल्या जाणकारांनी सांगितलं, चेहरा फार वेडावाकडा होतो. शेवटच्या रांगेतले मित्र म्हणाले, तू नुसताच उभा होतास. दोघांचं खरं कसं असेल?
— एक हौशी नट, अकोला

उत्तर : दोघांचं खरं आहे. पुढच्यांनी एक चेहरा पाहिला, मागच्यांनी दुसरा.

भरतमुनींना हे पक्कं ठाऊक होतं. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात माणसांसाठीचं नाट्यगृह ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद असावं असं सांगितलंय, म्हणजे साधारण ९६ फूट बाय ४८ फूट. त्याहून मोठं का नको, याचं कारणही दिलंय: घर फार मोठं झालं की शब्द विस्वर होतात आणि नटाच्या मुखावरचा, नाना दृष्टींनी सजलेला भाव दिसेनासा होतो. त्या ६४ हातांतला अर्धा भाग प्रेक्षकांचा. म्हणजे शेवटचा प्रेक्षक रंगमंचाच्या कडेपासून ४८ फुटांच्या आत. आपण आज यापेक्षा कितीतरी खोल सभागृहांत, वर बाल्कनी घालून, नाटक करतो आणि नटाला सांगतो की चेहरा जास्त बोलू दे.

मला हे शिकवलं ते आमच्या दिग्दर्शकांनी, सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात. मी बावीस वर्षांची होते. एका प्रवेशात माझं रडणं पोचत नव्हतं. त्यांनी तालीम थांबवली, दुसऱ्या मुलीला माझ्या जागी उभं केलं आणि मला शेवटच्या रांगेत नेऊन बसवलं. ती मुलगी खरंच रडली, नंतर कळलं की डोळ्यांतून पाणी आलं होतं. मला मागून एक फिकट ठिपका दिसला. मग सरांनी तिला सांगितलं, चेहऱ्याचं सोड, पदर हातातून सुटू दे आणि खाली बघ. पदर सुटला. माझ्या अंगावर काटा आला. तेव्हापासून मी दुःख खांद्यांत, मानेत आणि हातांत शोधते.

याला आधार आहे. २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यात टेनिसपटूंचे निर्णायक गुण जिंकल्या-हरल्याच्या क्षणाचे फोटो वापरले होते. नुसता चेहरा दाखवला तर हा जिंकला की हरला हे बघणाऱ्यांना सांगता येईना. चेहरा झाकून नुसतं शरीर दाखवलं तर नीट सांगता आलं. भाव अगदी टोकाला गेला की चेहरा जवळूनही फसवतो. म्हणून तुमचा वेडावाकडा चेहरा पुढच्यांना खटकला.

तुमच्या प्रसंगात बातमी ऐकल्यावर काहीही करण्याआधी दोन श्वासांचा थांबा घ्या. मग एकच मोठी, संथ हालचाल. चेहरा आपोआप जे करेल ते करू दे. ते पुढच्या चार रांगांसाठी. मागच्यांसाठी तुमची पाठ, खांदे आणि हातातली वस्तू. पुढच्या वर्षीच्या फेरीआधी तुम्हीही एकदा शेवटच्या रांगेत जाऊन बसा.

प्रश्न : मी घरून काम करते. दिवसाला चार-पाच व्हिडिओ मीटिंगा असतात. कोणी रागावत नाही, कामही बरं चाललंय, तरी संध्याकाळी इतका थकवा येतो की नवरा समोर येऊन बोलायला लागला तरी मी नजर वळवते. ऑफिसात आठ तास माणसांत बसायचे तेव्हा असं होत नव्हतं.
— एक वाचक, पुण्याहून

उत्तर : ऑफिसच्या मीटिंगमध्ये तुम्ही टेबलाच्या एका टोकाला असायचा आणि बाकीचे सहा-आठ फुटांवर. एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये माणसांमधल्या अंतरांची जी मापं मांडली, त्यात हे सामाजिक अंतर: चार ते बारा फूट. दीड फुटाच्या आत आलं की ते अगदी जिव्हाळ्याचं अंतर, जिथे आपण फक्त मुलाला, जोडीदाराला, किंवा भांडायला आलेल्याला येऊ देतो. हॉलची मापं अमेरिकेतल्या मध्यमवर्गीयांची होती, आपल्या लोकलच्या डब्यात ती टिकत नाहीत. पण लोकलमध्येही आपण काय करतो? खेटून उभे राहतो आणि नजर पंख्याकडे लावतो. शरीर जवळ आलं की चेहरा लांब ठेवतो.

पडद्यावर ती सोय नाही. साहेबांचा चेहरा लॅपटॉपभर पसरतो आणि सरळ तुमच्याकडे बघत राहतो. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये नेमकं हेच मांडलं: पडद्यावरचा चेहरा एवढा मोठा असतो, की प्रत्यक्षात तेवढा दिसायला माणूस जिव्हाळ्याच्या अंतरात यावा लागेल. तुमच्या मेंदूच्या लेखी चार-पाच सहकारी दिवसभर दीड फुटावर येऊन तुमच्याकडे रोखून बघतात. संध्याकाळी नवऱ्याचा चेहरा त्या अंतरात येतो तेव्हा तुमची जवळिकीची ताकद संपलेली असते. यात त्यांचा दोष नाही, तुमचाही नाही.

चौकट लहान करा, पडदाभर ठेवू नका. लॅपटॉप हातभर मागे सरकवा. स्वतःचा चेहरा दिसतो ती चौकट झाकता येते, ती झाका. आणि मीटिंगा संपल्यावर अर्धा तास नवऱ्यासोबत चालायला जा. चालताना दोघांचे चेहरे एकाच दिशेला असतात, बोलणं होतं आणि कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. हे त्यांनाही वाचून दाखवा. तुम्ही नजर वळवता तेव्हा त्यांना काय वाटत असेल याचा मी विचार करत होते.

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो. आई सोलापूर जिल्ह्यात गावी एकटी असते, वय ७४. पुण्याला यायला तयार नाही. मी दर महिन्याला जाऊन दोन दिवस राहतो. निघताना ती फाटकाशी उभी राहते आणि माझी गाडी वळेपर्यंत हसत हात हलवते. मी आरशातून बघत असतो. तिचा हसरा चेहरा बघूनच मी निर्धास्त व्हायचो. गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंचा फोन आला. म्हणाल्या, तू गेलास की ती तासभर उंबऱ्यात बसून रडते, रात्री जेवत नाही. आईला विचारलं तर म्हणाली, ‘काही नाही रे, तिला काय कळतंय.’ ताई, जन्मापासून हा चेहरा बघतोय. मला का दिसलं नाही? मी कोडगा झालोय का?
— एक मुलगा

उत्तर : कोडगा माणूस हे पत्र लिहिणार नाही. तुम्हाला दिसलं नाही कारण जिथून तुम्ही बघत होतात तिथून ते दिसत नाही. आणि हे मी तुमचं समाधान करायला म्हणत नाही.

हसू आणि दुःख चेहऱ्यावर कशानं उमटतात ते बघा. हसताना तोंड रुंदावतं, ओठांमधून दातांची पांढरी रेघ दिसते, गाल वर येतात. हे सगळं ठळक आहे, जाड ब्रशनं काढल्यासारखं. दुःखात काय होतं? भुवयांची आतली टोकं किंचित वर उचलली जातात. ओठांचे कोपरे खाली ओढले जातात. पापणी जड होते, हनुवटी बारीक थरथरते. हे सगळं सुईनं काढलेलं काम आहे. अंतर वाढलं की आधी सुईचं काम पुसलं जातं. ब्रशचं मागे राहतं.

ग्लासगो विद्यापीठातल्या स्मिथ आणि शिन्स या संशोधकांनी २००९ मध्ये हे पद्धतशीर तपासलं. कुठला भाव किती लांबून ओळखू येतो? आनंद आणि आश्चर्य लांबवर पोचतात. भीतीसारखे भाव जवळच्या माणसासाठीच असतात. त्यांनी हत्तींचं आणि पक्ष्यांचं उदाहरण दिलंय: हत्तीचा खर्जातला आवाज लांबवर जाण्यासाठी, चिमणपाखरांचा बारीक आवाज जवळच्यांसाठी, तसेच चेहऱ्याचेही लांबचे आणि जवळचे असे निरोप असतात. त्याच्याही आधी, १९७९ मध्ये, हेगर आणि एकमन यांनी ३० ते ४५ मीटरांवरून भाव ओळखता येतात का ते बघितलं होतं, आणि एवढ्या लांबूनही बरंच ओळखू येतं असं त्यांना आढळलं. तुमचं फाटक ते वळण किती असेल? वीस-पंचवीस मीटर? एवढ्यावरून हसू सहज पोचतं. त्यात आरसा. बाजूचा आरसा बाहेर फुगीर असतो, त्यातली माणसं आहेत त्याहून लहान दिसतात.

कॉलेजात मी याचं प्रात्यक्षिक घ्यायचे. लांब व्हरांड्याच्या टोकाला मोठे केलेले दोन फोटो लावायचे, एकाच बाईचे, एक हसरा आणि एक रडवेला. फरशीवर दर दोन फुटांवर खडूची रेघ. मुलांनी टोकाकडून चालत यायचं आणि भाव कळला की थांबायचं. हसरा फोटो बहुतेकांना पहिल्या-दुसऱ्या रेघेवरच कळायचा. रडवेल्यासाठी पुढे, पुढे, आणखी पुढे यावं लागायचं. एका वर्षी एक मुलगी अगदी जवळ आली, फोटोसमोर गप्प उभी राहिली आणि म्हणाली, ‘मॅडम, मागून मला वाटलं ही दमलीये.’ ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. लांबून दुःख दिसलं तरी ते थकव्यासारखं दिसतं. तुमची आई गेल्या वर्षभरात तुम्हाला ‘जरा थकल्यासारखी’ वाटली असेल, आणि तुम्ही वयावर ढकललं असेल.

आणखी एक गोष्ट. खरं हसू आणि ओढून आणलेलं हसू यांतला फरक डोळ्यांपाशी असतो. दुशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्येच दाखवलं होतं, की मनापासून हसताना डोळ्याभोवतीचा गोल स्नायू आकसतो आणि तो हुकमानं सहजी आकसत नाही. आपण ज्याला तोंडदेखलं हसू म्हणतो त्यात तोंडच हसतं. पण डोळ्यांच्या कडेच्या त्या बारीक सुरकुत्या वीस मीटरवरून कुठे दिसणार? तिथून मनापासूनचं आणि तोंडदेखलं हसू सारखंच दिसतं. याच शिन्स यांनी ओड ओलिव्हा यांच्याबरोबर एक चित्र बनवलं होतं, जवळून बघितलं तर रागीट माणूस, मागे सरकत गेलं की तिथेच शांत चेहरा. कागद तोच. तुमच्या आईचा चेहराही तोच होता.

तेव्हा काय करायचं? पुढच्या वेळी बॅग गाडीत ठेवून झाल्यावर लगेच गाडीत बसू नका. परत आत या. ओट्यावर किंवा उंबऱ्यातच, तिच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लागेल असे दहा मिनिटं बसा. फोन गाडीत असू दे. ‘तू रडतेस का’ असं विचारू नका. तिनं एकदा नाही म्हटलंय, दुसऱ्यांदाही नाहीच म्हणेल. पुढच्या खेपेची तारीख सांगा, ती कॅलेंडरवर तिच्याच हातानं लिहून घ्या. तिच्या चेहऱ्याकडे एक-दोन फुटांवरून बघा. जे दिसेल ते तुम्हाला सहन होणार नाही, तरी बघा. आणि तुमचाही चेहरा तिला बघू दे. कारण तुम्हीही गाडीतून हसतच हात हलवत असणार, आणि तिकडे तिला वाटत असेल, पोरगं खुशीत गेलं.

शक्य असेल तर संध्याकाळऐवजी सकाळी निघा, म्हणजे तुमच्या मागोमाग लगेच रात्र येणार नाही. शेजारच्या काकूंना सांगा, त्या दिवशी दुपारचं जेवण दोघींनी एकत्र करावं. त्यांनी तुम्हाला फोन केला हे फार मोठं काम केलंय. त्या आईच्या जवळ होत्या, म्हणून त्यांना दिसलं. मात्र तुम्ही गेल्याच्या रात्रीपुरतंच नव्हे, तर दोन-दोन आठवडे जेवण-झोप उडाली असेल तर तो निरोपाचा प्रश्न राहत नाही, तिला डॉक्टरांकडे न्या.

मी १९७८ मध्ये एम.ए.साठी पुण्याला निघाले तेव्हा आई सांगलीच्या एसटी स्टँडवर आली होती. गाडी सुटायला वेळ होता. ती खिडकीखाली उभी होती, एक हात खिडकीच्या गजावर, माझ्या हातापासून वीतभर लांब. तिची हनुवटी हलत होती. ती सारखी म्हणत होती, पाणी पिशवीच्या तळाशी ठेवलंय, आधी दशम्या खा. मी बघत होते आणि बघवत नव्हतं म्हणून तिच्या बांगड्यांकडे बघत होते. मग घंटी झाली, गाडी मागे आली, वळली. मी वाकून मागे पाहिलं. ती फलाटाच्या कडेला उभी होती आणि हसत होती, सगळे दात दिसतील इतकं हसत होती. आई एरवी कधीच तशी हसायची नाही, हसताना तोंडावर पदर घ्यायची.